फुकटचं लायसन आणि वर्षाचा बाँड

अमेरिकेत ट्रक चालवायला शिकायचं तर तीन वाटा आहेत. खिशातले चार-आठ हजार डॉलर भरून खासगी ड्रायव्हिंग स्कूलला जायचं. किंवा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स करायचा आणि जमलं तर त्याची फी सरकारी रोजगार-निधीतून भरून घ्यायची. नाहीतर थेट एखाद्या मोठ्या ट्रकिंग कंपनीला फोन लावायचा. ती म्हणते, "या. आम्ही शिकवतो, लायसन काढून देतो, लगेच नोकरीही देतो. तुम्ही एक डॉलर भरायचा नाही."

मी वयाच्या ४१व्या वर्षी ग्रीन कार्ड हातात घेऊन या तिसऱ्या वाटेनं गेलो. तेव्हापासून कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा असे फोन येतच असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कुठली कंपनी सगळ्यात जास्त पैसे देते?" प्रत्येकाला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. तुम्ही निवडत असता ती शाळा नसते आणि पगाराचा आकडाही नसतो. पुढचं एक वर्ष तुमच्यावर कुणाचा हक्क राहणार, हे तुम्ही ठरवत असता. पुण्यात इंजिनिअर होऊन पहिल्या नोकरीत बाँडवर सही केलेल्यांना हे लगेच कळतं. इथेही बाँडच असतो, फक्त त्याला 'ट्रेनिंग ॲग्रीमेंट' म्हणतात.

आधी एक खुलासा, कारण भारतातूनही विचारणा होते. एच-१बी व्हिसावर ट्रक चालवता येत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. वर्क परमिटवर असलेल्यांना पूर्वी 'नॉन-डोमिसाइल्ड' प्रकारचं सीडीएल, म्हणजे कमर्शियल लायसन, मिळायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं ते नियम एकदम आवळले आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यामुळे अशांनी आपल्या राज्याच्या डीएमव्हीत, म्हणजे लायसन देणाऱ्या कार्यालयात, आजचा नियम विचारल्याशिवाय कुणाच्याही कागदावर सही करू नये. राज्याबाहेर माल न्यायचा तर वय किमान २१ लागतं. इंग्रजीची अट तर जुनीच आहे, पण जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत ज्याला इंग्रजी बोलता-वाचता येत नाही त्याला तिथल्या तिथे गाडीवरून उतरवतात.

कंपनीला एवढा पुळका का?

कारण माणसं टिकत नाहीत. मोठ्या, लांब पल्ल्याच्या कंपन्यांमध्ये ड्रायव्हर सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण २०१९ मध्ये ९० टक्क्यांच्या आसपास होतं, आणि हा आकडा त्यांच्याच धंद्याच्या संघटनेचा आहे. म्हणजे शंभर खुर्च्या असतील तर वर्षभरात जवळजवळ नव्वद नवी माणसं लागतात. (बरेचजण एका कंपनीतून उठून दुसरीत बसतात, ते वेगळं.) दुसरी गोष्ट विम्याची. वर्षभराचा अनुभव नसलेला ड्रायव्हर ठेवायचा तर विमा इतका महाग पडतो की छोटा मालक नवख्याला दारातही उभं करत नाही. नवख्याला घेणं परवडतं ते हजारो गाड्या असलेल्या कंपन्यांनाच. त्यांना माणसं हवी असतात, तुम्हाला अनुभव हवा असतो, आणि त्या पहिल्या वर्षाच्या देवघेवीची किंमत करारात लिहिलेली असते.

हे एकदा लक्षात आलं की रिक्रूटरच्या गोड बोलण्याचा राग येत नाही. त्याला बहुधा तुम्ही ओरिएंटेशनला हजर झालात की कमिशन मिळतं. पुढे तुम्ही टिकता की नाही, हे त्याच्या हिशोबात नसतं.

शाळेतले तीन-चार आठवडे

क्रम साधारण असा असतो. फोनवर अर्ज होतो, त्यात बऱ्याच कंपन्या दहा वर्षांच्या नोकऱ्यांचा हिशोब मागतात. मग बसचं तिकीट येतं आणि तुम्ही कंपनीच्या टर्मिनलच्या गावी पोचता. मोटेलच्या खोलीत एक अनोळखी माणूस जोडीदार म्हणून मिळतो. पहिल्या एक-दोन दिवसांतच मेडिकल आणि ड्रग टेस्ट. आमच्या तुकडीतले सहा जण तिसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये होते.

मेडिकलबद्दल आपल्या लोकांनी नीट ऐकावं, कारण आपल्याकडे घरोघरी बीपी आणि शुगर आहे. वरचं बीपी १४० च्या आणि खालचं ९० च्या आत असेल तर दोन वर्षांचं मेडिकल कार्ड मिळू शकतं. त्याच्या थोडं वर गेलं की एकाच वर्षाचं. इन्सुलिन घेणाऱ्याला पूर्वी केंद्राकडून खास सूट मागावी लागायची. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या नेहमीच्या डॉक्टरनं ठरलेला फॉर्म भरून दिला तर कार्ड मिळतं, तेही जास्तीत जास्त एका वर्षाचं. हा फॉर्म घरूनच भरून न्यावा. टर्मिनलच्या गावात तुमचा डॉक्टर नसतो. गांजाचं म्हणाल तर तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी सीडीएलला केंद्राचा कायदा लागतो. काही कंपन्या केसांचा नमुना घेतात आणि त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांचं सगळं निघतं. आणि केंद्राच्या नियमाची लघवीची टेस्ट एकदा सुरू झाल्यावर नमुना न देता उठून जाणं म्हणजे नकार. तो नकार नापास झाल्यासारखाच केंद्राच्या क्लिअरिंगहाउस नावाच्या नोंदवहीत चढतो आणि प्रत्येक पुढच्या कंपनीला दिसतो.

७ फेब्रुवारी २०२२ पासून नवीन ड्रायव्हरला सरकारी यादीत नोंदलेल्या ठिकाणीच शिकावं लागतं. लेखी भागात ८० टक्के हवेत. पण यात एक गंमत आहे: गाडी किती तास हातात द्यायची, याचा आकडा केंद्राच्या नियमात नाही. 'शिकवणाऱ्याला वाटलं पाहिजे की जमलं' एवढंच. म्हणून "तीन आठवड्यांचा कोर्स" हे उत्तर म्हणून पुरत नाही. एका गाडीमागे किती शिकाऊ, हे विचारा. आमच्याकडे चार होते. दिवसाच्या आठ तासांत माझ्या हातात स्टिअरिंग दोन तास, बाकीचे सहा तास मी शंकूंच्या शेजारी उन्हात उभा.

लर्निंग परमिट मिळाल्यावर किमान १४ दिवस झाल्याशिवाय परीक्षा देता येत नाही. परीक्षेचे तीन भाग. पहिल्यात गाडीभोवती फिरून एकेका भागाला हात लावून तो ठीक आहे हे मोठ्यानं म्हणायचं: "नॉट बेंट, नॉट क्रॅक्ड, नॉट ब्रोकन." रात्री मोटेलमध्ये आम्ही दोघं खोलीभर फिरत, पलंगाला ट्रेलर समजून हे पाढ्यांसारखं घोकायचो. तिसरा भाग रस्त्यावरचा. माणसं अडकतात ती दुसऱ्यात, गाडी मागे घेताना. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ५३ फुटी ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं. माझे मामा कराडकडे ट्रकवर असायचे आणि सुट्टीत मी त्यांच्या गाडीवर क्लीनर (आमच्याकडे किन्नर म्हणतात) म्हणून हिंडायचो, पण त्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. त्यापेक्षा साखर कारखान्याच्या अंगणात उसाची ट्रॉली मागे लावणारा पोरगा दोन दिवसांत शिकला असता. मी पहिल्या परीक्षेत नापास झालो. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा: नापास झाल्यावर पुन्हा किती संधी, आणि तोवर मोटेलचं बिल कोणाच्या नावावर?

जाता जाता एक गोष्ट. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसनवर तसा शिक्का बसतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या गाड्या ऑटोमॅटिकच आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षी त्यानं अडत नाही.

करार

आता मुख्य गोष्ट. करार तुमच्यासमोर केव्हा येतो? बहुधा तुम्ही शेकडो मैल प्रवास करून पोचल्यावर, वीस जणांच्या वर्गात, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. मी असाच न वाचता सही करून मोकळा झालो. तो चार दिवस आधी ईमेलवर मागता येतो. "तिथे आल्यावर देऊ" असंच उत्तर आलं तर ती कंपनी यादीतून काढा. हे माझं मत आहे आणि मी ते बदलायला तयार नाही.

करारात एक रक्कम असते, बहुधा पाच ते सात हजार डॉलरच्या घरात, आणि एक मुदत असते, बहुधा वर्ष, कधी मैलांचा आकडा. वाचायचं ते यातलं सोडण्याचं कलम. दोन कंपन्यांची रक्कम समजा सारखीच, ६,००० डॉलर, आणि मुदत १२ महिने. एकीत दर महिन्याला ५०० कमी होतात, म्हणून दहाव्या महिन्याअखेर सोडलं तर १,००० देणं राहतं. दुसरीत शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम उभी राहते. अकराव्या महिन्यात आई आजारी पडली, घरी बसावं लागलं, तरी ६,०००. वर व्याज असेल तर तेही. मोटेलमधला माझा जोडीदार पाचव्या महिन्यात घरी गेला. त्याच्या शेवटच्या पगारातून जे कापता येईल ते कापलं आणि बाकीसाठी वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले.

आणखी तीन गोष्टी त्याच पानांवर शोधा. कंपनीनंच काढून टाकलं तर पैसे कोण देणार? अनेक करारांत तेव्हाही तुम्हीच. मेडिकल कार्ड गेलं तर? आणि दर आठवड्याच्या पगारातून शिक्षणाचा हप्ता कापतात की नाही? काही कंपन्या कापतात आणि वर्ष भरल्यावर थोडे थोडे परत देतात, काही कापतच नाहीत. 'फुकट' हा शब्द दोन्ही वापरतात.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेनं, सीएफपीबीनं, नोकरदाराच्याच डोक्यावर मालकाचं कर्ज चढवणाऱ्या अशा करारांवर अहवाल काढला. ट्रकिंग हा त्यात वारंवार पुढे येणारा धंदा. कोर्टातही प्रकरणं गेली आहेत. न्यू प्राइम विरुद्ध ओलिव्हेरा या खटल्यात ड्रायव्हरचं म्हणणं होतं की शिकाऊ म्हणून १०,००० मैल आपण पगाराशिवाय फिरलो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला तो मात्र पगारावर नव्हता. करारात 'तंटा लवादाकडेच न्यायचा' असं कलम होतं, तेव्हा ड्रायव्हरला कोर्टाची पायरी चढता येते का, एवढाच मुद्दा होता. कोर्टानं आठ विरुद्ध शून्य असं ड्रायव्हरच्या बाजूनं सांगितलं की आंतरराज्य वाहतुकीच्या कामगारांना १९२५ च्या लवाद कायद्यातून सूट आहे आणि कागदावर त्याला 'कंत्राटदार' म्हटलं म्हणून ती जात नाही. साध्या ड्रायव्हरला तेवढ्या प्रश्नासाठी थेट वॉशिंग्टनपर्यंत जावं लागलं म्हणायचं. त्यापेक्षा कलम आधीच वाचलेलं परवडतं.

ट्रेनरची केबिन

लायसन हातात आलं की शिक्षण संपलं असं वाटतं. खरं शिक्षण त्यानंतर, ट्रेनरच्या गाडीत. चार, सहा, आठ आठवडे, काही ठिकाणी हजारो मैलांच्या हिशोबानं. न्हाणीघराएवढ्या जागेत एकावर एक दोन पलंग, मध्ये एक पडदा. तो चालवतो तेव्हा तुम्ही मागे झोपायचं, पुलाच्या प्रत्येक सांध्यावर डोकं उशीवरून उडतं. आपल्याकडे उस्ताद आणि किन्नर यांचं जे नातं असतं तेच हे, फरक इतकाच की इथला उस्ताद तुम्हाला आठवडाभरापूर्वी भेटलेला असतो.

आणि इथे कायद्यात एक भोक आहे. शाळेत गाडीवर शिकवणाऱ्याला दोन वर्षांचा अनुभव लागतो. लायसननंतरच्या या ट्रेनरला मात्र केंद्राची अशी अट नाही, कंपनी ठरवेल ते. सहा महिने गाडी चालवलेला माणूस 'ट्रेनर' म्हणून भेटू शकतो. त्यामुळे विचारा: तुमच्या ट्रेनरला किमान किती अनुभव? तो तुमच्या मैलांवर कमावतो का? कमावत असेल तर तुम्ही शिकताय की त्याच्या गाडीची रात्रपाळी करताय, हे सांगणं अवघड होतं. शिकाऊ चालवत असताना ट्रेनरनं शेजारी जागं बसायचं की मागे झोपायचं, हेही विचारा. पहिल्याच आठवड्यात रात्री वायोमिंगच्या वाऱ्यात मी एकटा जागा होतो आणि पडद्यामागून घोरण्याचा आवाज येत होता. बायकांनी विचारायचा प्रश्न वेगळाच: बाई ट्रेनर मागता येते का, आणि तिच्यासाठी किती आठवडे थांबावं लागतं, ते थांबणं पगारी आहे का?

ट्रेनर पटला नाही तर बदलून मागता येतो. रिक्रूटर हे आपणहून सांगत नाही.

सेंट आणि मैल

पगार मैलावर. सगळे जाहिरातीतला सेंटचा आकडा बघतात. पण ४८ सेंटनं २,२०० मैल मिळाले तर आठवड्याचे १,०५६ डॉलर, आणि ५५ सेंटनं १,६०० मैल मिळाले तर ८८०. म्हणून प्रश्न असा विचारायचा: पहिल्या सहा महिन्यांतल्या ड्रायव्हरचे आठवड्याचे सरासरी मैल किती? शक्य तर गेल्या महिन्याची पगारपट्टी बघायला मागा, नाव खोडून.

मैल मोजायच्या पद्धतीतही खोच आहे. काही कंपन्या प्रत्यक्ष रस्त्याच्या जवळ जाणारे मैल धरतात. काही घरसामान वाहणाऱ्यांच्या जुन्या कोष्टकावरून गाव ते गाव असं अंतर धरतात, ते रस्त्यापेक्षा कमी भरतं. गाडीच्या मीटरवर ७०० पडले तरी कागदावर ६५० दिसू शकतात.

शिवाय घड्याळ. कामावर रुजू झाल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवायचं, मग सलग १० तास सुट्टी, आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती, आणि आठ दिवसांत ७० तास. सगळं इलेक्ट्रॉनिक लॉगवर, तिथे हात मारता येत नाही. हे चौदा तासांचं घड्याळ तुम्ही गोदामाच्या दारात गाडी खाली व्हायची वाट बघत बसलात म्हणून सहसा थांबत नाही. डॉकवर पाच तास गेले तर त्या दिवशी चालवायला उरतात नऊ. थांबण्याचे पैसे मिळतात का, कितव्या तासापासून आणि किती, हे म्हणूनच विचारायचं. बहुतेक ठिकाणी पहिले दोन तास धर्मादाय. ओव्हरटाइम विसरा. १९३८ च्या कामगार कायद्यात आंतरराज्य ट्रकचालकांना तो लागू नाही.

घरी जायचा हिशोब बहुतेक ठिकाणी आठवड्यामागे एक दिवस असा लावतात: तीन आठवडे बाहेर, तीन दिवस घरी. तुमचं घर कंपनीच्या नेहमीच्या मार्गावर आहे की नाही, यावर ते प्रत्यक्षात किती जमेल हे ठरतं, म्हणून नकाशा उघडून विचारा.

गाडीच्या प्रकारावर लोक फार डोकं खपवतात. बंद ड्राय व्हॅन सगळ्यात सोपी. रीफर म्हणजे थंड माल: मैल बरे, पण किराणा गोदामांच्या दारात रात्री जागवतात. फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट गाडीवर, ताडपत्री आणि साखळ्या ओढून पाठ मोडते, पैसे थोडे बरे. टँकरला लायसनवर वेगळी नोंद लागते आणि अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर पुढे ढकलतो, पहिल्या वर्षी मी तरी टाळला असता. आणि हो, इन्स्टंट पोहे आणि मेतकूट भरपूर न्या. काही हायवेंवर, म्हणजे ओक्लाहोमातल्या सेअरसारख्या ठिकाणी, पंजाबी ढाबे आहेत आणि तिथे गरम रोटी मिळते, पण दोन ढाब्यांच्या मध्ये सातशे मैल असू शकतात.

कुणाला विचारायचं

रिक्रूटरला सोडून सगळ्यांना. केंद्राच्या वाहन सुरक्षा खात्याच्या 'सेफर' संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की तिच्याकडे किती गाड्या, किती अपघात, तपासणीत किती गाड्या आणि ड्रायव्हर जागीच थांबवले, हे दिसतं. शेजारीच राष्ट्रीय सरासरी छापलेली असते, तुलना करायला दोन मिनिटं लागतात. गाड्या जागीच थांबवण्याचं प्रमाण सरासरीच्या बरंच वर असेल तर देखभाल कशी आहे ते कळलं. मग जवळच्या ट्रकस्टॉपवर रविवारी सकाळी जा आणि त्या कंपनीचं नाव दारावर असलेल्या गाडीतल्या माणसाला कॉफी पाजा. "घरी शेवटचे कधी गेलात?" एवढंच विचारा. पुढचं तो आपणहून बोलतो.

ट्रेनिंग संपता संपता एक गोष्ट जवळजवळ नक्की येते. कुणीतरी म्हणेल, "नोकरी कशाला करता, आमचीच गाडी लीजवर घ्या, स्वतःचे मालक व्हा." शेतकऱ्याच्या पोराला हे ऐकायला फार गोड लागतं. पण गाडीचा हप्ता, डिझेल, दुरुस्ती तुमच्या खिशातून, आणि माल कुठला द्यायचा ते कंपनीच्या हातात. सरकारनं नेमलेल्या कार्यगटानं जानेवारी २०२५ मध्ये अशा लीज-परचेस योजनांवर बंदी आणावी, अशी शिफारस अमेरिकी संसदेला केली. पहिल्या वर्षी उत्तर 'नाही' एवढंच.

आणि काही केल्या जमलंच नाही, सोडायचंच ठरलं, तर गाडी वाटेत कुठल्याही ट्रकस्टॉपवर लावून बस पकडू नका. ती 'गाडी टाकून गेला' अशी नोंद ड्रायव्हरांच्या डॅक रिपोर्टमध्ये, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांच्या नोंदवहीत, पडते आणि पुढच्या बऱ्याच कंपन्या ती वाचतात. (आपल्या रिपोर्टची प्रत आपल्याला वर्षातून एकदा मोफत मागता येते, मागावी.) माल पोचवा, गाडी कंपनीच्या टर्मिनलवर लावा, केबिन झाडून घ्या, चारी बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढा, किल्ली ज्याच्या हातात दिली त्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या, आणि तोच मजकूर तिथे उभं राहूनच कंपनीला ईमेल करा.